पोट दुखतंय, शाळेत नाही जात: मुलांच्या टेन्शनवर वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या आणि या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं मुलांच्या टेन्शनवरच आली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडली, नावं काढून टाकलीत, काही तपशीलही मुद्दाम बदललेत. पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय कारण तसंच दुखणं बऱ्याच घरांत आहे असं पत्रांवरून दिसतंय.

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. शाळा परत सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतो, सोमवारी तर हमखास. डॉक्टरांकडे दोनदा नेलं, सोनोग्राफी झाली, लघवी तपासली, जंताचं औषध पण देऊन झालं, सगळं नॉर्मल. घरी ठेवला की अकरा वाजता एकदम छान, वरणभात खातो, खेळतो. ह्यांचं म्हणणं नाटक करतोय, दोन लावल्या की बरा होईल. सासूबाई दृष्ट काढतात. मी यूट्यूबवर बघून दीर्घ श्वास घ्यायला लावला तर अजूनच रडला. कुणाचं ऐकू तेच कळेना. – एक आई, डोंबिवली

आधी त्याच्या बाबांसाठी लिहिते, त्यांना हे वाचून दाखवा. पोट खरंच दुखतंय. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आतड्यात आजार सापडला नाही एवढंच, दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ एक्सरेखाली मांजरांच्या पोटाची हालचाल बघत होते, मांजर शांत असलं की पोट व्यवस्थित चालायचं आणि घाबरलं किंवा चिडलं की ती हालचाल चक्क थांबायची. लढा नाहीतर पळा अशी शरीराची जी तयारी असते ना, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जातं, तिचा शोध त्यांनीच पुढे लावला. त्या तयारीत पचन मागे पडतं. आपण मराठीत पोटात गोळा आला म्हणतो ते उगाच नाही म्हणत. त्यामुळे दोन लावल्या तर भीतीत अजून एक भीती वाढेल आणि गोळा मोठा होईल, बाकी काही होणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, दुखण्याने तो रात्री झोपेतून उठायला लागला, वजन कमी व्हायला लागलं, ताप, शौचात रक्त, सारख्या उलट्या, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी ठरावीक दुखायला लागलं तर पुन्हा डॉक्टर गाठायचे, मनाचंच आहे म्हणून घरी बसायचं नाही.

आता अकरा वाजता तो बरा का होतो. शाळा टळली की धोका टळला असं शरीराला वाटतं आणि गोळा सुटतो. त्याला स्वतःला हे ठरवून करता येत नाही हो, पण शरीर एक धडा शिकून ठेवतं, घरी राहिलं की बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी गोळा थोडा लवकर येतो, थोडा मोठा येतो. म्हणून शाळेत पाठवायचंच, पण त्याआधी नक्की कशाला घाबरतोय ते शोधा. शाळा ही एवढी मोठी गोष्ट आहे की "शाळेत काय झालं" विचारलं की मुलं "काही नाही" म्हणतात. समोर बसवून डोळ्यात बघून विचारू नका. सध्या मटार आलेत, शेजारी बसून दोघं सोला आणि मग विचारा, किंवा स्कूटरवर मागे बसलेला असताना, तेव्हा मुलं बोलतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी काय काय ऐकलंय सांगू, शाळेच्या टॉयलेटला कडी नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी मुलगी, व्हॅनमध्ये मागच्या सीटवर रोज चिमटे खाणारा मुलगा, स्कॉलरशिपच्या क्लासला मार्कांप्रमाणे बसवतात म्हणून शेवटच्या बाकाची धास्ती घेतलेला. यातलं काही निघालं तर ते आधी सोडवायला लागतं, शाळेत जाऊन बोलायला लागतं. कडी तुटलेली असताना श्वासाचे व्यायाम शिकवणं हा मुलावर अन्याय आहे.

श्वास जमला नाही याचं कारण मला दिसतं ते असं. मी लहानपणी मामाच्या गावी विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, एप्रिलच्या उन्हात, पाणी खाली गेलेलं आणि मामा स्वतः पाण्यात उभा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर कुणी पोरांना पोहायला शिकवत नाही. सकाळी पावणेसातला, व्हॅन यायला दहा मिनिटं, मूल रडतंय, आई घामाघूम, त्या वेळी "दीर्घ श्वास घे" म्हणणं म्हणजे ओढ्याच्या पुरात शिकवणं झालं. शिकवायचं रात्री, अंथरुणात, काही टेन्शन नसताना. त्याला उताणं झोपवा, पोटावर एखादी रिकामी वाटी किंवा त्याचं छोटं खेळणं ठेवा, श्वास घेतला की वाटी वर, सोडला की खाली, वाटी पाडायची नाही. मनात तीन मोजत आत, पाच मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं हे महत्त्वाचं, कारण श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना कमी होतात, मनगटावर बोट ठेवून नाडी नीट मोजली तर पुष्कळ मुलांना ते स्वतःला कळतं आणि फार आवडतं. तुम्ही पण शेजारी झोपून करा, पाच सात श्वास, मिनिटभर, बास. असं दोन आठवडे गेल्याशिवाय सकाळी वापरायचा विषयच काढू नका. आणि त्याने पोट लगेच थांबेल असं त्याला सांगू नका, थोडं दुखत असतानाही बूट घालता येतात एवढंच त्याला कळायला हवंय.

सकाळी उठल्या उठल्या "आज पोट कसंय" विचारणं बंद करा, विचारलं की तो पोटाकडेच लक्ष देणार. दप्तर, डबा, मोजे रविवारी संध्याकाळीच. क्लासटीचरशी बोलून पहिल्या दहा मिनिटांत त्याला एखादं काम मागून घ्या, खडू आणायचे, फळ्यावर तारीख लिहायची, आत शिरताना हाताला काम असलं की पाय उचलतो. आणि एखाद दिवशी राहिलाच घरी तर रागावू नका, पण आजारी माणसासारखी विश्रांती, टीव्ही नाही मोबाईल नाही.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, आजी जवळ घेते ते चांगलंच आहे, फक्त "कुणाची तरी नजर लागलीय माझ्या बाळाला" हे त्याच्यासमोर म्हणू नका असं त्यांना प्रेमाने सांगा. घाबरायला त्याला आणखी एक माणूस नकोय.

स.न.वि.वि. मी ७१ वर्षांचा आहे. माझी मुलगी एसटीत कंडक्टर आहे, आठवड्यातून दोनदा तिला मुक्कामी गाडी असते. नात सात वर्षांची, आमच्याकडेच असते. त्या रात्री झोपताना "आजोबा, आई येईल ना, गाडी पलटी होणार नाही ना" असं वीस वीस वेळा विचारते. मी प्रत्येक वेळी सांगतो काही होणार नाही, पाच मिनिटांनी परत तेच. टीव्हीवर अपघाताची बातमी बघितली तेव्हापासून फार वाढलंय. माझाच धीर सुटतो. – एक आजोबा, सांगली जिल्हा

आजोबा, नमस्कार. वीस वेळा न चिडता उत्तर देणारा माणूस त्या पोरीच्या उशाशी आहे ही फार मोठी गोष्ट आहे, ते आधी सांगते.

पण तुमच्या उत्तरानेच प्रश्न परत येतोय. "काही होणार नाही" ऐकलं की तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि मन त्याची सवय लावून घेतं, पुढच्या वेळी तेवढ्यासाठी दोनदा विचारावं लागतं, मग चारदा. वर मी विहिरीतला पाठीचा डबा सांगितला ना, तो बांधतात तो सोडायच्या बेतानेच. अमेरिकेत येल विद्यापीठात इलाय लेबोविट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सात ते चौदा वर्षांच्या १२४ मुलांवर एक अभ्यास केला, निम्म्या घरांत मुलांवर उपचार केले आणि निम्म्या घरांत मुलाला हातही न लावता फक्त आईवडलांना शिकवलं, की सारखी खात्री देणं आणि मुलाची भीती टाळायला घरभर बदल करणं हळूहळू कमी कसं करायचं आणि त्याच वेळी "तुला भीती वाटतेय ते मला कळतंय, आणि तू ती सोसू शकतेस असा मला विश्वास आहे" हे कसं म्हणायचं. दोन्हीकडच्या मुलांची काळजी जवळपास सारखीच कमी झाली. म्हणजे मोठ्या माणसाने स्वतःचं उत्तर बदललं तरी मूल बदलतं, हे तुमच्या हातातलं आहे.

करायचं असं. पहिल्यांदा विचारलं की नीट, पूर्ण उत्तर द्या. दुसऱ्यांदा विचारलं की "ह्याचं उत्तर तुला माहितीये, सांग बघू मला" असं म्हणा आणि तिलाच सांगू द्या. तिसऱ्यांदा, "ती काळजी परत आली वाटतं, येऊ दे, बसू दे बाजूला, आपण झोपूया." पहिले चार पाच दिवस प्रश्न वाढतील, रडेल पण, तेव्हा हात धरून बसा पण खात्री देऊ नका. तुम्हाला जड जाणार आहे हे मला माहितीये. आणि "गाडीला कधीच काही होत नाही" असं मुळीच म्हणू नका, ती सात वर्षांची आहे, तिने बातमी बघितलीय. "ड्रायव्हरकाका रोज तीच वाट चालवतात आणि आई दर वेळी आलीय" हे खरं आहे, तेवढं म्हणा.

काळजीला दिवसाची एक वेळ ठरवून द्या. हे पेनसिल्व्हेनियातल्या थॉमस बोर्कोव्हेक यांच्या कामातून आलंय, १९८० च्या दशकातलं, आणि मोठ्यांनाही चालतं. दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटं, झोपायच्या वेळेपासून लांब, तिने काय काय काळजी वाटते ते चित्र काढून किंवा चिठ्ठीवर लिहून एका डब्यात टाकायचं आणि तुम्ही ऐकायचं. रात्री काळजी आली की "उद्या डब्यात टाकू." विचारच करू नकोस असं सांगून जमत नाही, १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं होतं तर अस्वल सारखं डोळ्यापुढे यायला लागलं त्यांच्या. उद्याची वेळ दिली की मन ऐकतं.

अजून थोडं. आईच्या ड्युटीचा कागद भिंतीवर लावा, मुक्कामाच्या दिवसावर गाडीचं चित्र तिच्याकडूनच काढून घ्या. आई कुठल्या गावाला जेवते, कुठे झोपते, सकाळी कितीला गाडी सुटते हे सगळं मुलीने एकदा नातीला बसवून सांगावं, माहीत नसलेली जागा मूल आपल्या मनाने भरतं आणि भयंकर भरतं. फोन एकदाच, ठरलेल्या वेळी. बातम्या ती झोपल्यावर. आणि तुमच्याकडे रामरक्षा म्हणत असतील तर ती न उरकता सावकाश, लयीत, तिला जवळ घेऊन म्हणा. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ साली मोठ्या माणसांवर बघितलं होतं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हटला की श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय पण त्याच्याबरोबर जुळते. त्यांनी रामरक्षा घेतली नव्हती, पण श्वास लांबवायचं काम कुठलंही संथ म्हणणं करतं.

तुमचा धीर सुटतो तो लपवायला जाऊ नका. "मलाही कधीकधी काळजी वाटते, मग मी अंगणात दोन फेऱ्या मारतो" हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं ती विसरणार नाही.

मॅडम, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. अडतीस मुलं. दसरा दिवाळीनंतर बरेच आईबाप ऊसतोडीला जातात ते थेट मार्च एप्रिलला परत येतात, मुलं आजी आजोबांकडे मागे राहतात. या दिवसांत वर्गात मुलं गप्प होतात, काही उगाच मारामारी करतात, एक मुलगा तर सारखी नखं कुरतडतो. आमच्याकडे समुपदेशक वगैरे काही नाही. वर्गात मलाच काही करता येईल का? – एक शिक्षक

सर, हे पत्र मी तीनदा वाचलं. पहिली गोष्ट, ही मुलं आजारी नाहीत. त्यांचे आईबाप सहा महिने लांब गेलेत, पालावर राहतायत, काळजी वाटणं बरोबरच आहे. त्यामुळे काळजी घालवायला निघायचं नाही, ती बाळगून दिवस काढायला मदत करायची. आणि काही गोष्टी व्यायामाने नाही तर व्यवस्थेने सुटतात, म्हणजे आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून शाळेच्या फोनवरून आईबापाशी दोन मिनिटं बोलणं घडवता आलं तर ते माझ्या सगळ्या सल्ल्यापेक्षा भारी आहे. कधी बोलायला मिळणार ते माहीत असणं, त्यानेच निम्मी धास्ती जाते. सकाळी उपाशी येतात का तेही बघा, भुकेलेलं मूल आणि घाबरलेलं मूल वर्गात सारखंच दिसतं, दोघंही चिडतात.

मग रोजची दहा मिनिटं, परिपाठाला जोडून. सुरुवात शब्दांपासून करा. आपल्या बोलीत किती शब्द आहेत बघा, जीव घाबरा होतो, धडधडतं, हातपाय गळतात, घशात आवंढा येतो, हुरहुर लागते, करमत नाही, डोकं तापतं. मुलांनाच विचारा तुमच्याकडे काय म्हणतात, फळ्यावर लिहा, प्रत्येकाने आज आपला कुठला ते मनात ठरवायचं, सांगायलाच पाहिजे असं नाही. जे होतंय त्याला नाव दिलं की त्याचा जोर थोडा कमी होतो, मेंदूचे स्कॅन करून केलेल्या अभ्यासातही ते दिसलंय, भीतीच्या वेळी जो भाग पेटतो तो शब्द सापडल्यावर जरा शांत होतो. मारामारी करणाऱ्या मुलाकडे बहुतेक वेळा राग हा एकच शब्द असतो. त्याला हुरहुर हा शब्द मिळाला तर कदाचित त्याचा हात थांबेल.

श्वास शिकवताना योगासनासारखं कडक करू नका. गरम भाकरी तव्यावरून उतरलीय, नाकाने वास घ्या, आता हळूच फुंकर मारून गार करा, तुकडा उडता कामा नये. चौथीतलं काय पहिलीतलं पोर पण करतं. दुसरं, अंग आवळून सोडणं, एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात ही पद्धत काढली, लहान मुलांसाठी खेळ करून वापरतात. दोन्ही हातांत लिंबू आहे, रस काढा, पिळा पिळा पिळा, पाच मोजा, आता सोडा, हात बघा कसे सैल पडले. मग खांदे कानाला लावा कासवासारखे, सोडा. पाय मातीत रोवा, सोडा. नखं कुरतडणाऱ्या मुलाला हे लिंबू फार उपयोगी पडेल कारण ते बाकाखाली कुणाला न दिसता करता येतं, फक्त त्याला सगळ्यांसमोर "नखं खाऊ नको" म्हणू नका, एकट्याला बोलवून सांगा की हात तोंडाकडे निघाला की आधी लिंबू पिळ.

तिसरं, एखादं पोर एकदम रडायला लागलं, सुन्न झालं तर त्याला जमिनीवर आणायचं, पाच गोष्टी बघ आणि सांग, चार गोष्टींना हात लाव, तीन आवाज ऐक, दोन वास, एक चव. त्या वेळी का रडतोस विचारायचं नाही, ते नंतर. आणि हे सगळं वर्गाने मिळून करायचं, रडणाऱ्या एकट्याला बाजूला काढून शिकवलं की बाकीचे त्याला चिडवतात, तुम्हाला माहीतच आहे ते.

माझा चार वर्षांचा मुलगा रडायला लागला की मोबाईल दिल्याशिवाय थांबत नाही. मोबाईल दिला की लगेच शांत. यात काही वाईट आहे का? – बेंगळुरूहून एक आई

कधीतरी ट्रेनमध्ये, दवाखान्याच्या रांगेत दिलात तर काही बिघडत नाही, स्वतःला दोष देऊ नका. पण रोज प्रत्येक रडण्याला मोबाईल हेच उत्तर असेल तर रडू येतं, वाढतं आणि आपोआप ओसरतं पण, हा अनुभव त्याला येतच नाही. चार वर्षांच्या मुलाला तंत्र बिंत्र शिकवू नका, तुम्हीच त्याचं तंत्र आहात. खाली बसा, आवाज बारीक करा, कमी बोला, "तुला राग आलाय, गाडी पाहिजे होती" एवढंच, आणि जवळ बसून राहा. मारत असेल तर हात धरा. ओसरल्यावर पाणी द्या. पहिल्या आठवड्यात त्रास होईल, घरातल्या सगळ्यांनी एकच वागायचं ठरवलं असेल तर निभतं. आणि झोप बघा, या वयात दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते, अर्धवट झोपलेलं पोर कशानेही रडतं.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन महिने झाले रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागी असते, हात सारखे धुते, जेवण कमी झालंय, मैत्रिणींशी बोलणं बंद. परवा आईला म्हणाली मी नसते तर बरं झालं असतं. लक्ष वेधून घ्यायला बोलतात मुलं असं नातेवाईक म्हणतात. घरी काय व्यायाम करून घ्यावेत? – एक वडील, नागपूर

दादा, घरचे व्यायाम नंतर. या आठवड्यातच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतोच. आज रात्रीसुद्धा बोलायचं झालं तर टेलिमानसचा नंबर १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मुलांसाठीचा १०९८ पण आहे, तो ती स्वतःही लावू शकते, तिला तो नंबर देऊन ठेवा.

तिला सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं ही समजूत चुकीची आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना सुटल्यासारखं होतं. हो म्हणाली तर ओरडू नका, रडलात तरी चालेल, पण तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. घरातली औषधं, फवारणीचं काही असेल ते आजच कुलपात टाका. आणि लक्ष वेधून घ्यायला बोलली असेल तर द्या ना लक्ष, अकरा वर्षांच्या मुलीने ते मागायचं तरी कुणाकडे.

ताई मी आठवीत आहे. गॅदरिंगला निवेदन करायला माझं नाव बाईंनी घेतलंय. मागच्या वर्षी वर्गात धडा वाचताना माझा आवाज थरथरला आणि सगळे हसले होते तेव्हापासून मी हात वर करत नाही. आता नाव परत घेऊ का? आईला सांगितलं तर ती म्हणते घाबरायचं काय त्यात. – रत्नागिरीहून एक मुलगी

नाव परत घेऊ नकोस, एवढं मी तुला आधीच सांगते, आणि घाबरायचं काय त्यात असं मी म्हणणार नाही. त्यात घाबरण्यासारखं आहेच, आणि तुझ्यावर तर सगळे हसलेले आहेत.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या छोट्या मुलाबद्दल लिहिलं, जेमतेम तीन वर्षांचा होता, सशाला प्रचंड घाबरायचा. त्यांनी त्याला समजावत बसण्याऐवजी तो आवडीचं खात असताना खोलीच्या लांबच्या टोकाला पिंजऱ्यात ससा ठेवला, नंतरच्या वेळी थोडा जवळ, अजून थोडा जवळ, करत करत शेवटी पीटर सशाला हाताने खेळवायला लागला. आजही भीतीवर जे उपचार करतात त्यात हीच पायरी पायरीची पद्धत असते.

तुझ्या पायऱ्या तूच लिही. पहिली, निवेदन बंद खोलीत मोठ्याने. मग आरशासमोर. मग आईला किंवा धाकट्या भावंडाला ऐकवायचं. मग एका मैत्रिणीला, जी हसली नव्हती तिला. मग मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बाईंना. मग वर्गात रोज एकदा हात वर करून एका वाक्याचं उत्तर, बरोबर आलं नाही तरी चालेल. मग स्टेजवर माईक लावून, हॉल रिकामा असताना. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा मार्क दे, आणि ते तीन चारवर येईपर्यंत तीच पायरी परत परत कर, पुढे पळू नकोस. एखादी फारच उंच वाटली तर मध्ये अजून एक घाल.

धडधडणार आहे, ते थांबवायला जाऊ नकोस. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना गाणं म्हणायला, भाषण करायला लावलं होतं, ज्यांनी आधी "मी शांत आहे" असं स्वतःला म्हटलं त्यांच्यापेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांचं बरं झालं, कारण धडधड दोन्हीत सारखीच असते, तिला फक्त नाव वेगळं द्यायचं असतं. तू पण विंगेत उभी असताना हळूच म्हण, मला बोलायचंय, मी वाट बघतेय. आणि पहिली दोन वाक्यं इतकी पाठ कर की झोपेतही येतील, आवाज थरथरतो तो बहुतेक पहिल्या काही ओळींतच, मग जरा स्थिरावतो. बाईंना सांगून पहिलं वाक्य छोटं ठेव. त्या वाक्यानंतर थांब, श्वास पूर्ण बाहेर सोड, मग दुसरं.

हे पत्र आईला वाचायला दे, आणि तिला सांग की पायरी तीनला तिची गरज आहे, समोर खुर्चीत बसून शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये सुधारायचं नाही. गॅदरिंग झालं की मला लिही, कितव्या ओळीला आवाज स्थिर झाला ते.